मालाची लिफ्ट

वडिलांचे गुडघे गेल्यापासून त्यांना बांधकामावर रोज वर न्यायचं ते थोरल्यानेच, पाठुंगळी घेऊन, अर्धवट जिन्याने. साइटसाठी लिफ्ट निवडायची वेळ आली तेव्हा धाकटा म्हणाला, “माणसं नेणारी घेऊ. बाबाही आरामात वर जातील.” वडिलांचा चेहरा खुलला आणि थोरल्याच्या पोटात दुखलं. पाठ मोडायची आपली आणि कौतुक व्हायचं शेंडेफळाचं? “विटांना काय आरसा हवाय? मालाचीच लिफ्ट पुरे,” तो म्हणाला, आणि थोरल्यापुढे कोण बोलणार? लिफ्ट बसली. ‘माणसांनी चढू नये’ ही पाटी त्याने स्वतः ठोकली आणि खुशीत वडिलांपुढे पाठ करून वाकला. वडिलांनी पाटीशेजारी खुर्ची ओढली. “राहू दे रे. पायरीगणिक तुझी पाठ कुरकुरते, मला ऐकू येतं. लिफ्ट आली की सुटशील म्हणून गप्प होतो. आता वर काय चाललंय ते धाकटाच सांगेल.”