जॅकपॉट

पाहुण्यांची पानं वाढून, ओटा आवरून, तापानं फणफणलेली ती आतल्या खोलीत येऊन पडली. दार लोटून घेतलं, तरी बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"लेका, बायकोच्या बाबतीत तुला जॅकपॉट लागलाय," नवऱ्याचा मित्र ढेकर देत म्हणाला. "आमची बघावं तेव्हा अंथरुणात."

"हिला कधी साधी शिंकसुद्धा येत नाही," दाराला लागूनच बसलेला नवरा म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी याच्याच हातात तिनं थर्मामीटर दिला होता. मेल्यानं आकडा न बघताच तो झटकून डबीत ठेवला आणि विचारलं होतं, "स्वयंपाक वेळेत होईल ना?"

तेवढ्यात दारावर हलकेच टकटक झाली. सुचलं म्हणायचं एकदाचं. तिचा राग जरासा निवळला.

"ये, उघडंच आहे," ती म्हणाली.

दार काही उघडलं नाही. पलीकडून नवऱ्याचा आवाज तेवढा आला, "टचवूड बाबा, दृष्ट नको लागायला."

तिनं उठून आतून कडी घातली, बाहेर ऐकू जाईल अशी.