दोस्त देश

रक्त घेण्याआधी दवाखान्यात कुणी चहा पाजतं, हे पुष्पाबाईनं पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"साधी तपासणी आहे," गोंदियाच्या जिल्हा कचेरीतून आलेले साहेब म्हणाले. "हिमांशुच्या कागदपत्रांना लागते. आईबाप दोघांचंही रक्त द्यायचं."

नवऱ्यानं, केवळरामनं, लगेच हात पुढे केला.

हिमांशु त्यांचा एकुलता एक. गोदामात काम आहे सांगून एजंटनं त्याला रशियाला नेलं आणि तिथं वर्दी चढवून युक्रेनच्या लढाईत उभं केलं. चार महिन्यांमागं त्याचा रडत रडत फोन आला, तेव्हा दोघं तिरोड्याहून धावत याच साहेबांकडं गेले होते. साहेब उभ्याउभ्याच बोलले होते, "परक्या देशाची लढाई आहे. तिथं आपलं कोण ऐकतं?" त्यानंतर फोन आला नाही.

आज तेच साहेब शेजारी खुर्ची ओढून बसले होते.

"आपला जुना दोस्त देश आहे तो, काकू. दिल्लीहून शब्द गेला, आठ दिवसांत उत्तर आलं. नागपूरपर्यंत विमानानं आणून देतात."

"आयकलं का? पोट्टा येऊन राहिला!" केवळराम नर्सला म्हणाला. नर्स मान खाली घालून त्याच्या दंडावर कापूस चोळत राहिली. एवढा वेळ चोळायची काही गरज नव्हती.

पुष्पाबाईनं आपला हात पदराखाली ओढून घेतला.

"दोस्त होता तं तवा काऊन नाही आयकलं त्यानं? पोट्टा जित्ता बोलून राहिला होता फोनवर. रेकाड करून तुमाले आयकवलं होतं."

"वरच्या पातळीवरच्या गोष्टी असतात या, काकू. वेळ लागतो."

"आन् त्याले वळखाले आमचं रगत कायले पायजे? तोंड पाहून नाही वळखनार का मी?"

"नियम आहे."

"तू गप बस वं!" केवळराम तिच्यावर खेकसला. मग साहेबांकडं वळून हात जोडत म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका, साहेब. कोन्त्या दिवशी येते तेवढं सांगा. आमी जातो नागपूरले, त्याले घ्यायले."

"नको, नको. तुम्ही कशाला त्रास घेता? गाडी थेट तुमच्या दारात येईल."

"पाह्य वं! दारात आणून देतात म्हने!"

पुष्पाबाई साहेबांकडं एकटक बघत होती.

"गाडी कोनती, साहेब?"

साहेबांनी खिशातला पेन काढला. त्याचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं. नर्स सुई हातात धरून थांबली होती.

केवळराम अजून हसतच होता.