सुतकातले खाजे

गजानन तांडेलच्या पुढ्यात आले-गुळाचे मालवणी खाजे होते आणि वडिलांचे सुतक अजून फिटले नव्हते. पर्यटकांना किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यास बंदी करणाऱ्या कायद्यानेच त्याला हा रोजगार दिला होता. तो खाईल त्याची चव, टाळूला चिकटवलेल्या चकतीतून, घरबसल्या पर्यटकाच्या जिभेवर उतरे. आज नागपूरच्या एक बाई ताटकळल्या होत्या.

"सुतकात गोड खावचा नसता, दादा. दुसऱ्या कोणाक तरी बसय," गजानन मुकादमाला म्हणाला.

"हंगामात रजा नाय. कायद्यात सुतक खंय लिवला आसा?" मुकादम खेकसला. "आणि बाईंकडे घरचा काय बोललंस, तर परवानो जातलो."

"कायदो करणाऱ्यांका बापूस नाय काय?"

"त्येंका विचार. आधी खा!"

चरफडत गजाननने तुकडा तोंडात टाकला. गूळ विरघळला, हुंदका दाटला. आणि चव कोणती, दुःख कोणते, हा भेद न जाणणाऱ्या चकतीने दोन्ही नागपूरला पोहोचते केले.

कानातल्या यंत्रातून बाईंचा कापरा आवाज आला, "अहो, तुमच्या घरचं कोणी गेलं का?"

मुकादम डोळे वटारून उभा होता. गजाननने दुसरा तुकडा उचलला.

"नाही, ताई. आज आलं जरा जास्त पडलंय."