एक्केचाळिसावा दरवाजा

"आधी टीव्हीला लावून बघू का, आत काही उरलंय का ते?" दुरुस्तीवाल्या जीवरामने विचारलं.

"नको, नको!" मोतीलालने गेमची कॅसेट पुन्हा छातीशी धरली. "आधी सेल बदला. मग बघू."

"मग रिकामी निघाली तर माझ्या नावानं ओरडू नका, आबा."

मोतीलालने कॅसेट दिली, पण हात टेबलावरच ठेवला. धुळ्यात येऊन तासही झाला नव्हता आणि त्याने चारदा घड्याळ पाहिलं होतं. तो जळगावजवळच्या असोद्याचा, सरकीच्या ढेपेचा व्यापारी. जळगावात रेडिओ-टीव्हीवाला प्रत्येक जण त्याला ओळखायचा, म्हणून तो एवढ्या लांब आला होता. बायको द्रौपदाबाई आज बहिणीकडे भुसावळला गेली होती. ती परतायच्या आत कॅसेट टीव्हीखालच्या खणात जायला हवी होती.

"पडद्यावर नाव काय दिसेल?" जीवराम पेचकस फिरवत म्हणाला. "खेळणाऱ्याचं. मला खात्री करायला."

मोतीलालने टेबलावरची पेन्सिल घेतली. कॅसेटच्या पाकिटावर नाव लिहिलं आणि पाकीट पुढे सरकवलं.

हे नाव दोन वर्षांत त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. कोकिळाने परजातीच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं, त्या दिवशी त्यानेच बजावलं होतं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. फोटो जाळले. वह्या रद्दीत घातल्या. ती जळगावातच राहते एवढं त्याच्या कानावर आलं होतं. कुठे, ते त्याने विचारलं नाही. द्रौपदाबाई आठवडाभर रडली, मग गप्प झाली. पुढे पुढे ती पूर्वीसारखी हसायलाही लागली. आईचं काळीज इतकं लवकर कसं निबर होतं, याचा मोतीलालला मनातून राग यायचा.

उरली होती ही व्हिडिओ गेमची कॅसेट. नव्वद साली मामाने दुबईहून आणलेली. एका महालाचे दरवाजे एकेक करून उघडायचे, असा तो खेळ. घर सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी कोकिळा ओरडली होती, "आबा, एक्केचाळीस झाले!" मोतीलालने पेपरातून मान वर केली नव्हती. ते आठवलं की तो हातातला पेपर मिटून ठेवायचा.

परवा जळगावच्या एका दुकानात त्याने सहज चौकशी केली. दुकानदार म्हणाला, असल्या कॅसेटच्या पोटात सेल असतो. त्याच्यावर नाव आणि आकडा टिकून राहतो. पाचसहा वर्षांनी सेल मरतो आणि सगळं पुसलं जातं. त्या दिवसापासून मोतीलालचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

जीवरामने मीटर लावला. काटा जेमतेम हलला. "शेवटच्या घटका मोजतोय हा."

मोतीलाल उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "मग काढा ना लवकर!"

"लवकर काढला तर बठ्ठं जाईल, आबा, नाव-आकडा सगळं. आधी नवा सेल जोडायचा, मग जुना सोडवायचा. मध्ये एक क्षण जरी वीज तुटली तरी संपलं."

त्याने नव्या सेलच्या दोन तारा कथील वितळवून बाजूने डाखल्या. मोतीलाल पुन्हा येरझारा घालू लागला. त्याच्याकडे पाहून जीवरामलाच धाप लागली. त्याने डबा उघडला. "बसा. बट्टी घ्या. तार थंड होऊ द्या तोवर."

"नको. आमच्याकडे दर गुरुवारी असते. मी पारोळ्याला माल घेऊन जातो, दिवेलागणीला परततो, तर बट्टी तयार. हिचा स्वतःचा कडक उपास, पण करते पातेलंभर वरण. मी येतो तोवर निम्मं संपलेलं असतं. शेजारीपाजारी वाटते म्हणे."

"नशीबवान शेजारी."

"आणि टीव्ही असा तापलेला, की हात ठेववत नाही! उपासाच्या दिवशी पोथी वाचायची सोडून सिनेमे बघते." मोतीलालला बोलून जरा बरं वाटलं. मग त्याचं लक्ष पुन्हा कॅसेटकडे गेलं.

जीवरामने जुना सेल अलगद उचलून बाजूला ठेवला. कॅसेट दुकानातल्या गेमच्या यंत्रात घातली, टीव्ही लावला. मोतीलालने डोळे मिटून घेतले.

"शे आबा, बठ्ठं शे! काही गेलं नाही. उघडा डोळे."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मुलीचं नाव होतं. मोतीलालच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते लपवलंही नाही. मग त्याची नजर नावापुढच्या आकड्यावर गेली.

"हे चुकलंय. एक्केचाळीस हवेत."

"त्र्याऐंशी आहेत."

"तुम्ही काहीतरी बिघडवलंत!"

"बिघडलं तर पुसलं जातं, आबा. पुढे नाही जात." जीवराम जरा दुखावला होता. "दरवाजा उघडायला कुणीतरी बसून खेळावं लागतं. घरी कोण खेळतं?"

"कुणी नाही. हिला तर त्या यंत्राची वायरही लावता येत नाही."

"येणाराजाणारा कुणी?"

मोतीलालने टीव्हीवर हात ठेवला. पडद्यावरचं नाव त्याने पुन्हा वाचलं. मग टेबलावरचा बट्टीचा डबा पाहिला.

"दोन दिवस ठेवून जा," जीवराम म्हणाला. "तारा पक्क्या करतो. परवा न्या."

"नाही, आत्ताच पक्क्या करा." मोतीलाल स्टुलावर बसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "उद्या गुरुवार. कोकिळा येईल."