लाल झेंडा

पंच-प्रशिक्षणातल्या अलीजाची मैदानावरची ही पहिलीच स्पर्धा. तिची मैत्रीण प्रेरणा शेवटच्या लांब उडीसाठी झेपावली आणि सगळे उभे राहिले. जिल्ह्यात एवढी लांब उडी कुणी मारली नव्हती. उडी घ्यायच्या फळीजवळ बसलेल्या अलीजाने उडी बाद ठरवणारा लाल झेंडा वर केला.

"काऊन वं?" प्रेरणा रडकुंडीलाच आली. "माही निवड गेली ना! केवढी लांब गेली मी, पाह्यलं नाही का तू?"

"नाही पाह्यलं."

पंच-प्रशिक्षक सुचिता मॅडम धावत आल्या, वाकल्या. फळीच्या पुढे, ओल्या मातीत, अंगठ्याचं टोक उमटलं होतं.

त्या अलीजाकडे पाहतच राहिल्या. पंचाने उडी पाहायची नसते, फळी पाहायची असते, हे शिकवलं त्यांनीच होतं. पण आज त्यांचीही नजर उडीबरोबर थेट वाळूपर्यंत गेली होती.