वैऱ्याची भाकर

"दुःखाच्या घरी चूल पेटत न्हाई, बाई. तिथं भाकर न्यायची. नातं इचारत बसायचं न्हाई." अखेरच्या दुखण्यात सासूबाईंनी स्वप्नालीकडून तसा शब्दच घेतला होता. आज भूकंपानं उद्ध्वस्त झालेल्या परदेशात निघालेल्या वैद्यकीय पथकात नर्स म्हणून तिचं नाव लागलं, अन् आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरेनात. सासरे सुंदरराव मात्र दारातच आडवे बसले.

"परवापर्यंत त्यो देश आपल्याला पाण्यात पाहत हुता. त्यांच्यासाठी कशापायी जीव टाकायचा?"

"मामा, आत्याबाई गेल्या तवा आपल्या घरी पहिली भाकर कुणी आणली?"

"भावकीतल्या ज्ञानोबानं. बारा वर्षं बोलणं नव्हतं, तरी आला."

"मग वैर मिटलं?"

"कशाचं मिटतंय! चौदाव्या दिवशी बांधावर पुन्हा जुंपली. लई खवट माणूस हाय त्यो!" बोलता बोलता सुंदरराव थांबले. "पण त्या दिशी माझ्या पोटात घास गेला, तो त्याच्यामुळंच."

 स्वप्नाली देवापुढं दिवा लावून बाहेर आली, तर मामा तिची बॅग खांद्याला लावून एसटीच्या वाटेला लागले होते.