विंगमावशींचा पहिला प्रवेश

"कलेसाठी मी आगीतूनसुद्धा चालत जाईन!" विंगमावशींनी क्लिनिकच्या खुर्चीत आडव्या पडून जाहीर केलं. मग ट्रेमधल्या सुईकडे पाहून विचारलं, "ही दोन्ही गालांना मिळून एकच ना?"

गालांवर आणि ओठांभोवती बधिर करणारं मलम थापलेलं होतं. त्यामुळे घोषणेतला अर्धा आवेश ओठांतच अडकला. उत्साह मात्र कुठेही अडकत नव्हता. तीस वर्षं त्यांनी विंगेत, पडद्याच्या आडोशाला बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली होती. आता मुख्य नटीचा पाय मोडला होता आणि अख्खं नाटक पाठ असलेलं माणूस गावात एकच होतं. परवा मावशी स्वतः रंगमंचावर उभ्या राहणार होत्या! सकाळपासून त्यांच्या पायाला भिंगरी होती. पर्समध्ये नाटकाची वही होती. तिची बाकीची पानं नव्यासारखी करकरीत, पहिलं मात्र हाताळून हाताळून चिंधी झालेलं.

"चेहरा एकदा भरला, की बाकीचं आपोआप येतं," त्या म्हणाल्या. बाकीचं म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

डॉक्टरबाईंना एक खोड होती. सुई टोचण्याआधी त्या फॉर्ममधले प्रश्न पुन्हा तोंडी विचारत. मावशींनी फॉर्मवर वरपासून खालपर्यंत "नाही" लिहून ठेवलं होतं.

"रक्तदाब?"

"नाही."

"ॲलर्जी?"

"नाही."

"शरीराची पहारेकरी मंडळी घरच्यांनाच चोर समजून बडवतात, असा एखादा आजार?"

मावशी थांबल्या.

मागे स्टुलावर त्यांचे यजमान बसले होते. बायकोला घरी न्यायला येऊन येऊन तीस वर्षं तेही विंगेतच बसले होते. सवयीने त्यांनी तोंडाशी हात नेला आणि कुजबुजले, "ल्युपस. दीड महिन्यापूर्वी पुन्हा उसळला. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू."

विंगेतून आलं, की बोलून टाकायचं, हा रंगभूमीचा कायदा. मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ल्युपस! दीड महिन्यापूर्वी पुन्हा उसळला! स्टेरॉइडच्या गोळ्या चालू!"

बाहेरच्या बाकावरच्या दोघी उठून उभ्या राहिल्या. सुई ट्रेमध्ये परत गेली.

"घरभेदी मेला!" मावशी कडाडल्या.

"अगं, तू थांबलीस. मला वाटलं, अडलीस."

डॉक्टरबाईंनी हसू गिळलं. "मावशी, आजार शांत असता, तर तुमच्या ल्युपसच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं असतं. आत्ता तो जागा आहे. अशात गाल भरायचं हे फिलर टोचलं, तर सूज, गाठी, जंतुसंसर्ग, काहीही मागे लागू शकतं. कधीच नाही असं म्हणत नाही. आज नाही. भूमिका कोणती आहे?"

मावशींनी नजर छताला लावली.

"पंच्याऐंशी वर्षांची आजी," यजमानांनी पुरवलं.

"म्हणजे या सुरकुत्या माझ्याकडून बुजवून घ्यायच्या आणि परवा मेकअपवाल्याकडून पुन्हा काढून घ्यायच्या?"

मावशींनी मलम पुसलं. चपला घातल्या. मान ताठ ठेवून, सिंहासन सोडणाऱ्या राणीसारख्या त्या दारापर्यंत गेल्या. तिथे वळल्या आणि बधिर ओठांनी हळूच म्हणाल्या,

"अहो, परवा विंगेत तुम्ही बसाल का? मला पहिलंच वाक्य आठवत नाहीये."